देवळातले व्हायोलिन

आपल्या नगर जिल्ह्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती लग्नाच्या आदल्या रात्री किंवा जत्रेत, रंगीत दिव्यांच्या माळांखाली सिनेगीते गाणारी मंडळी. हा अर्थ इतका रुळला आहे, की त्याच नावाची दुसरी एक वस्तू जगात आहे आणि तिचे बालपण देवळात व अनाथाश्रमात गेले आहे, असे सांगू गेल्यास ऐकणारा जरा संशयानेच पाहतो. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या वस्तूविषयी, म्हणजे चेंबर ऑर्केस्ट्राविषयी आहे. गोव्यात आणि मुंबईत तो उभारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत बहुतेक ठिकाणी कॅथोलिक वादकांचे हात होते. त्या प्रयत्नांचा इतिहास, त्यांनी वाजविलेले संगीत आणि त्यांच्या मैफलींचे भागधेय यांचा विचार येथे करावयाचा आहे. विषय आपल्या उंबरठ्यापासून दूरचा वाटेल. परंतु धर्मग्रामांतील गायकवृंदांची आजची स्थिती पाहता तो तितका दूरचा राहिलेला नाही, असे मला वाटते.

प्रथम वस्तू कोणती ते स्पष्ट करू. सिंफनी ऑर्केस्ट्रात ऐंशी ते शंभर वादक असतात. चेंबर ऑर्केस्ट्रा पंधरा ते तीस जणांत भागतो. त्याचा मुख्य देह गजाने वाजविल्या जाणाऱ्या तंतुवाद्यांचा असतो: पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, त्यांच्याहून किंचित मोठे आणि खालच्या आवाजाचे व्हायोला, गुडघ्यांमध्ये धरावयाचा चेलो आणि उभ्याने वाजवावयाचा डबल बास. मराठीत याला लघुवाद्यवृंद म्हणता येईल. पण ‘लघु’ या शब्दाने केवळ आकार सांगितला जातो आणि मर्म निसटते. चेंबर म्हणजे खोली. खोलीत बसलेली माणसे जशी एकमेकांचे बोलणे ऐकतात, तसे या वादकांना एकमेकांना ऐकावे लागते. पुष्कळदा समोर काठी धरून उभा राहणारा संचालकही नसतो. पहिल्या व्हायोलिनवादकाने श्वास घेतला, गज किंचित उचलला, की इतरांनी ओळखावयाचे. शंभर जणांत एखाद्याची चूक झाकून जाते. पंधरा जणांत ती झाकत नाही.

या संगीताच्या जन्मकाळी खोली आणि देऊळ यांत फारसे अंतर नव्हते. सतराव्या शतकातील इटालियन रचनाकार आर्कान्जेलो कॉरेली याने एकाच जातीच्या वाद्यमेळासाठी दोन प्रकारच्या सोनाटा प्रसिद्ध केल्या: एक देवळासाठी, दुसऱ्या घरासाठी. घरच्यांत नृत्याच्या चाली असत, देवळातल्या गंभीर असत. वाजविणारे मात्र बहुधा तेच. रोममध्ये कार्डिनल ओत्तोबोनी यांच्या आश्रयाला असताना त्याने रचलेले बारा कॉन्चेर्तो त्याच्या मृत्यूनंतर, १७१४ साली, छापून निघाले. त्यांतील आठवा नाताळच्या रात्रीसाठी लिहिलेला आहे, आणि जगातील बहुतेक चेंबर ऑर्केस्ट्रांच्या डिसेंबरातील कार्यक्रमात तो आजही असतो. याच्याकडे लेखाच्या शेवटी परत यावयाचे आहे.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. आंतोनियो विवाल्दी हा धर्मगुरू होता. केस तांबडे म्हणून लोक त्याला ‘तांबडा पाद्री’ म्हणत. १७०३ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी तो व्हेनिसमधील पिएता नावाच्या अनाथाश्रमात मुलींचा व्हायोलिनशिक्षक झाला. आईबापांनी टाकून दिलेल्या या मुली. त्यांना आडनाव नसे. ज्या वाद्यात ती निपुण, त्या वाद्यावरून तिचे नाव पडे. ‘व्हायोलिनवाली आना मारिया’ ही त्यांतील एक, आणि तिचे नाव युरोपभर पोहोचले होते. आश्रमाच्या देवळात उंच सज्ज्यावर, जाळीआड बसून या मुली वाजवीत. खाली राजेरजवाडे ऐकत, पण वाजविणारीचा चेहरा त्यांना दिसत नसे. विवाल्दीच्या पुष्कळशा रचना या मुलींसाठी लिहिलेल्या आहेत. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे श्रीमंतांची चैन अशी जी समजूत आपल्याकडे आहे, तिच्यापुढे ही वस्तुस्थिती ठेवावीशी वाटते. त्याच्या पहिल्या थोर नमुन्यांपैकी एक हा आपल्या शब्दांत सांगावयाचे तर बोर्डिंगातील मुलींचा होता. ज्या जिल्ह्यात मिशनच्या बोर्डिंगांनी पिढ्या घडविल्या, त्या जिल्ह्यातील वाचकाने हा शब्द वाचताना क्षणभर थांबायला हवे.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकापासून, तेथील धर्मग्रामांत शाळा निघाल्या. तेथे मुलांना वाचन व धर्मशिक्षण यांबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवीत. आवाज बरा असलेल्यांना गायन आणि हात बरा असलेल्यांना व्हायोलिन. शिकविणारा तो ‘मेस्त्री’. हा शब्द आपण गवंड्या-सुताराला लावतो, गोव्यात तो देवळातल्या संगीतगुरूलाही लागला. गायकवृंद बसविणे, सणाच्या मिस्सेत वाजविणे, मुलांना सोल्फा घोकून घेणे, ही सर्व त्याची कामे. वाड्यावरच्या क्रुसापुढे लितानिया म्हणताना दोनतीन व्हायोलिने आणि खाली एक बास असा मेळ उभा राही. उपवासकाळात मोतेत नावाची लॅटिन गीते गात. ती दोन किंवा तीन आवाजांत असत, आणि साथीला व्हायोलिने, क्लॅरिनेट व डबल बास. यांतील कित्येक रचना गोव्याच्याच माणसांच्या आहेत. कोणी त्याला चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणत नव्हते, आणि तिकिटेही लावली नव्हती. तरी तो वस्तुतः तोच होता: थोडे वादक, लिहिलेले संगीत, आणि प्रत्येकाची निराळी ओळ. ऐकणारे गुडघे टेकून होते एवढाच फरक.

या परंपरेला दोषही होता आणि तो सांगितला पाहिजे. मेस्त्रीकडून मुलगा स्वर वाचायला शिकत असे, आपल्या मातीतली चाल मात्र त्याला त्या पाटीवर सहसा दिसत नसे. मांडोच्या, दुलपदांच्या, धालोच्या सुरांशेजारी राहूनही मिस्सेतले व्हायोलिन युरोपकडे तोंड करून बसले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोव्याची माणसे पोटासाठी मुंबईला येऊ लागली, आणि येताना पुष्कळांच्या हाती ही एकच विद्या होती. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे, मग हॉटेलांतील नृत्यांसाठी, लष्करी व नाविक बँडांत, आणि बोलपट आल्यावर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, जेथे जेथे लिहिलेले संगीत वाचून वाजविणारा हवा होता तेथे तेथे हा माणूस सापडे. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तो या माणसांच्या आधारावरच. फुंकवाद्यांना नौदलाच्या बँडमधले लोक, तंतुवाद्यांना गोव्याचे धंदेवाईक आणि त्यांच्या जोडीला हौशी पारशी. मेहलींनी १९४० साली चार वादकांचा एक संचही काढला होता. १९५२ साली यहूदी मेनुहिन भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांच्या साथीला हाच वाद्यवृंद उभा राहिला. मेहलींचा मुलगा झुबिन हे सर्व पाहत वाढला. माझगावच्या सेंट मेरीज् या जेझुइट शाळेत तो शिकला, १९५४ साली व्हिएन्नाला गेला, आणि पुढे काय झाले ते जग जाणते. वर्षभराने मेहलीही मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला निघून गेले. मुंबईच्या वाद्यवृंदाची मग जी पांगापांग झाली, तिचा दोष मी कोणा व्यक्तीला देत नाही. एका माणसाच्या उत्साहावर तोललेली संस्था तो माणूस असेतो चालते. मेहलींच्या मागे नव्या वादकांना घडविणारी शाळा उभी नव्हती. गोव्याच्या मेस्त्रीने फुकट घडवून पाठविलेल्या माणसांवर मुंबई जगत होती, आणि मेस्त्रीला त्याचे श्रेय देण्याचे कोणाला सुचले नाही.

या सर्व कथेत मला सर्वांत विचार करायला लावणारा माणूस म्हणजे अँथनी गोन्साल्विस. १९२७ साली सासष्टीतल्या माजोर्डा गावी जन्म. वडील गावच्या देवळातले मेस्त्री. म्हणजे ही विद्या त्यांना घरातच मिळाली. १९४३ साली ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे संगीतरचना लिहून देणारे संयोजक म्हणून त्यांनी नाव कमावले. त्या काळच्या चित्रपटसंगीतात संगीत दिग्दर्शक चाल बांधीत असे. पण ती चाल वीस-तीस व्हायोलिनांना, चेलोंना, क्लॅरिनेटला कशी वाटून द्यायची, मधल्या जागा कशा भरायच्या, हे कागदावर उतरविणारा बहुधा गोव्याचा असे. सेबास्तियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यांतील ठळक नावे. पडद्यावर ती येत, न येत. आपण ज्या गाण्यांवर वाढलो, त्यांच्या पहिल्या दहा सेकंदांतली व्हायोलिनांची लाट पुष्कळदा यांच्या लेखणीतली आहे.

गोन्साल्विस यांना एवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी हिंदुस्थानी रागसंगीताचा अभ्यास केला आणि दोहोंना एकत्र आणणारे संगीत लिहावयास घेतले. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याची मैफल मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात झाली. एकलगायनाला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. नाव सिंफनीचे आणि संच मोठा असला, तरी त्यामागची बुद्धी चेंबर संगीताची होती, असे मी म्हणेन. ‘सोनाटिना इंडियाना’, राग सारंगातला कॉन्चेर्तो ही त्यांच्या रचनांची नावेच पाहा. मोठा गजर करण्यापेक्षा एका रागाचा एकेक स्वर वाद्यांत कसा वाटावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

तो प्रश्न किती बिकट आहे हे सारंगावरूनच दिसेल. पाश्चात्त्य स्वरमेळाचा पाया तीन स्वरांच्या एकत्र उच्चारावर आहे: षड्ज, गंधार, पंचम. आणि वृंदावनी सारंगात गंधार नाही, धैवतही नाही. म्हणजे घराची पहिली वीटच हाती नाही. गंधार घातला तर राग मोडतो, न घातला तर मेळ पोकळ ऐकू येतो. मात्र पंचमावर मेळ उभा केला तर पंचम, शुद्ध निषाद आणि ऋषभ हे तिन्ही रागातलेच मिळतात. कोमल निषादावर उभा केला तर तो निषाद, ऋषभ आणि मध्यम हेही मिळतात. सारंगाला आरोहात एक निषाद आणि अवरोहात दुसरा, हे त्याचे वैशिष्ट्य; आणि मेळ बांधणाऱ्याला नेमकी तीच जागा कामाची आहे. अर्थात तेथेही अडचण संपत नाही. रागातला स्वर मींडीने येतो, एका स्वराच्या अंगाला लागून दुसरा येतो. तीस व्हायोलिनांना एकच मींड सारखी घ्यायला लावणे म्हणजे तीस जणांना एकाच वेळी जांभई द्यायला सांगण्यासारखे आहे. हे सर्व ठाऊक असून ज्याने सारंग निवडला, त्याने सोपी वाट निवडली नव्हती. दुसरे लोक ‘पूर्व-पश्चिम मीलन’ म्हणून सतारीच्या मागे व्हायोलिनांचा पडदा धरतात आणि त्याला संगम म्हणतात. गोन्साल्विस यांना स्वतः व्हायोलिनाच्या ओळीतच राग हवा होता. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

तरी हा वाद्यवृंद टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर तिकडे गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीत पुन्हा रमले नाहीत आणि माजोर्ड्यात शांतपणे राहिले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपट आला. त्यातील ज्या गाण्यात नायक भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपले नाव सांगतो, ते नाव संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनगुरूला वाहिलेली दक्षिणा होती. शिष्याचा हेतू प्रेमाचा होता याविषयी शंका नाही. पण त्या नावाचा एक माणूस खरोखर होता आणि तो सारंगात कॉन्चेर्तो लिहीत होता, हे देशाला ठाऊक नव्हते. गाणे मात्र घरोघर पोहोचले. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस निवर्तले.

वाद्यवृंद का टिकला नाही, याची कारणे वादकांच्या जगण्यात शोधावी लागतात. स्टुडिओत पाळीवर पैसे मिळत. सकाळची पाळी, दुपारची पाळी, कधी रात्रीची. चेंबर संगीत हे पाळीवर होत नाही. तेच सोळा जण आठवड्यामागून आठवडे एकत्र बसले, तरच एकाच्या गजाचा भार दुसऱ्याला कळू लागतो. त्यासाठी खोली हवी, वेळ हवा, आणि घरी चूल पेटेल एवढे मानधन हवे. श्रोत्यांचीही पंचाईत होती. पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्याला राग कळत नव्हता आणि रागाच्या श्रोत्याला चार आवाज एकदम ऐकण्याची सवय नव्हती. गायकांची मोठी नावे होती म्हणून गर्दी जमली असेल. परंतु कॉन्चेर्तोसाठी परत येणारा श्रोता तयार व्हायला दहा वर्षे लागतात.

या पार्श्वभूमीवर १९६२ साली जिनी दिनशॉ यांनी स्थापन केलेला बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा पाहिला म्हणजे लहान आकाराचे बळ कळते. येथे क्रांतीची भाषा नव्हती. धंदेवाईक आणि हौशी वादक एकत्र बसून प्रस्थापित पाश्चात्त्य रचना वाजवीत. हा संच अनेक दशके चालला. त्याच्या कार्यक्रमांत भारतीय रचनेला क्वचितच जागा मिळे, हा आक्षेप मी घेतो. पण ज्याने मुंबईत तंतुवाद्यांचा संच जिवंत ठेवला, त्याच्यावर आक्षेप घेताना आवाज जरा खालीच ठेवावा लागतो.

मधल्या काळात एक यंत्र आले. १९८०च्या सुमारास सिंथेसायझर स्टुडिओत शिरला आणि नव्वदीच्या दशकात त्याने तीस व्हायोलिनांचे काम एका माणसाच्या दहा बोटांवर आणले. ज्यांच्या वडिलांनी देवळात आणि मुलांनी स्टुडिओत वाजविले, त्या घरांतली तिसरी पिढी मग बँकेत गेली किंवा आखातात गेली. २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हा वादकांची मोठी संख्या परदेशातून आणावी लागली. नावात देश, खुर्च्यांवर मात्र पाहुणे, अशी टीका तेव्हा झाली. टीका बरोबर होती आणि अर्धवटही. पाहुणे का लागले याचे उत्तर नरिमन पॉइंटवर मिळणार नाही. ते सासष्टीतल्या बंद पडलेल्या शाळांत आणि मुंबईतल्या थंडावलेल्या स्टुडिओंत आहे. संस्थेने पुढे स्वतःची शिक्षणशाखा काढली, हे तिला उशिरा पण नीट कळल्याचे लक्षण. या वाद्यवृंदासाठी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्तो लिहिला आणि २०१५ साली तो वाजविला गेला. तबल्याच्या पेशकाराची मांडणी त्यात वाद्यवृंदाला दिली आहे. माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेल्या या उस्तादाने जे केले, त्याची पायवाट सत्तावन्न वर्षांपूर्वी झेवियर्सच्या चौकात पडली होती.

आता आपल्या घरी येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहुरी तालुक्यातील केंदळ-वळणच्या बाजूस जर्मन जेझुइट आले, तेव्हा त्यांनी येथे गोव्यासारखा व्हायोलिनचा वर्ग काढला नाही. आपल्या देवळांत पेटी आली, तबला आणि ढोलकी आली, झांज होतीच. पेटीही तशी परकीच. १८४२ साली पॅरिसमध्ये तिला एकाधिकार मिळाला आणि मोठा ऑर्गन न परवडणाऱ्या लहान देवळांत ती वाजू लागली. आपण तिचे पाय कापून तिला मांडीशी आणले. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, रेव्हरंड टिळकांनी अभंगाला ख्रिस्ताचे वळण दिले, आणि प्रोटेस्टंट भावंडांच्या या ठेव्यातून आपणही मोकळ्या हाताने घेतले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज दिला, त्याच्या ११९व्या कलमात मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे म्हटले आहे. ती परंपरा शाळांत आणि उपासनेत, दोन्हीकडे जोपासली जावी, असे ते कलम सांगते. उपासनेचा भाग आपण वाचला. शाळांचा भाग वाचताना बहुधा चष्मा सापडला नाही.

भजनी मंडळ हा आपला चेंबर ऑर्केस्ट्रा होता, असे मी म्हटले तर वाचकांनी हसू नये. सातआठ माणसे; पेटीवाला पट्टी देतो, ढोलकीवाला त्याच्याकडे पाहत असतो, झांजवाला ढोलकीवाल्याकडे; पुढचा गायक ओळ सोडतो आणि मागचे ती कुठे उचलायची ते त्याच्या मानेवरून ओळखतात. समोर काठी धरणारा कोणी नाही. ओळी निरनिराळ्या नसतात हे खरे, स्वरलेखन नाही हेही खरे. पण ऐकणे तेच आहे. आज पुष्कळ धर्मग्रामांत त्या जागी कीबोर्ड आला आहे. एक तरुण बसतो, ठेक्याचे बटण दाबतो, आणि यंत्र सुरू होते. यंत्र कोणाकडे पाहत नाही. म्हाताऱ्या गायकाचा श्वास पुरला नाही तर ढोलकीवाला एक मात्रा थांबत असे. यंत्र थांबत नाही, म्हातारा गप्प होतो. हे मी हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आलेल्या दिंड्यांतून शिकलो. १९४९ पासून दर सप्टेंबरात भरणाऱ्या त्या यात्रेत पायी येणाऱ्या एखाद्या गावचे मंडळ रस्त्याच्या कडेला बसून भजन म्हणते, तेव्हा ध्वनिक्षेपकावरच्या गाण्यापेक्षा ते अधिक स्वच्छ ऐकू येते. आवाज लहान असूनही.

कीबोर्डवरच्या मुलाचा यात अपराध नाही. त्याला कोणी काही शिकविलेले नाही. जे शिकला ते मोबाइलवर पाहून. स्टुडिओतल्या व्हायोलिनवाल्याचे जे झाले तेच, वीसपंचवीस वर्षांनी, ढोलकीवाल्याचे होत आहे. दोन्ही ठिकाणी यंत्र हे निमित्त. मेस्त्री आधीच गेला होता.

या बाबतीत गोव्यातलाच एक अलीकडचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. डॉ. लुईस डायस हे व्यवसायाने स्त्रीरोगतज्ज्ञ. काही वर्षे इंग्लंडमध्ये होते. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली गरीब वस्त्यांतील मुलांसाठी जी वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली, तिच्यातून घडलेल्या तरुणांचे वादन त्यांनी ऐकले आणि मायदेशी परतून २००९ साली चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू केले. ज्यांच्या आईबापांना वाद्य विकत घेणे शक्य नाही अशा मुलांना व्हायोलिन, व्हायोला, चेलो शिकवावयाचे, हा उद्देश. त्यातून ‘कामेराता’ नावाचा चेंबर ऑर्केस्ट्रा निघाला. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसून वाजवितात. मला यात विवाल्दीच्या अनाथाश्रमाचा वास येतो, आणि जुन्या मेस्त्रीचाही. मैफल हे येथे शिक्षणाचे फळ आहे. मुंबईत बरेचदा आधी मैफल ठरली आणि मग वादक शोधले गेले.

असे काही आपल्याकडे व्हावे काय? व्हायोलिन परके आहे हा आक्षेप मी मानत नाही; दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी दोनशे वर्षांपूर्वी ते हाती घेतले आणि आज त्यावाचून कर्नाटक संगीताची मैफल उभी राहत नाही. अडचणी निराळ्या आहेत. लहान मुलाला पूर्ण मापाचे व्हायोलिन चालत नाही. वाढत्या वयाबरोबर पाव, अर्धे, पाऊण अशी मापे बदलावी लागतात. गोव्यात लाकूड दमटपणाने फुगते, आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आकसते आणि खुंट्या निसटतात. हे सर्व निभावता येते. शिक्षक निभावता येत नाही, तो लागतोच. आणि तो आठवड्यातून तीनदा, दहा वर्षे लागतो. म्हणून माझे मत असे, की ज्या बोर्डिंगात किंवा शाळेत एखादी सिस्टर वा मास्तर स्वरलेखन वाचू शकतात, तेथे पेटी, ढोलकी आणि गायन यांचाच वर्ग आधी नीट सुरू व्हावा, मुलांना दोन आवाजांत गायला शिकवावे, आणि व्हायोलिन त्यानंतर यावे. आधी वाद्ये विकत घेऊन कपाटात ठेवण्याचा प्रकार आपल्याकडे कमी झालेला नाही.

कॉरेलीच्या नाताळच्या कॉन्चेर्तोकडे परत यावयाचे म्हटले होते. तो सुमारे पंधरा मिनिटांचा आहे. पुढे दोन व्हायोलिने आणि एक चेलो, मागे बाकीचा संच. हे तिघे बोलतात आणि मागचे दुजोरा देतात, थोडेसे आपल्या बुवा आणि टाळकऱ्यांसारखे. सुरुवात गंभीर आहे, मधे घाई आहे. शेवटी जो भाग येतो तो मेंढपाळांचा. नाताळच्या दिवसांत डोंगरांतले मेंढपाळ रोममध्ये येऊन पिशवीचे वाद्य वाजवीत, त्यांची ही आठवण. त्या वाद्यात एक स्वर अखंड धरलेला असतो. कॉरेलीने तो खालच्या तंतुवाद्यांना दिला आहे. वर दोन व्हायोलिने डुलत राहतात. राग ऐकणाऱ्या कानाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही, कारण खाली तंबोरा लागलेला आहे. हा शेवटचा भाग वाजवावा की न वाजवावा हे रचनाकाराने वाजविणाऱ्यांवर सोडले आहे. नाताळची रात्र नसेल तर तो गाळता येतो.